दुपट्ट्याखालचा सौदा

आष्टीच्या बाजारात त्या दिवशी रक्षाच्या हातात जो हात आला, तो गुरांच्या व्यापाऱ्याचा नाही, एवढं तिला लगेच कळलं. हात मऊ होता, गरम होता आणि... चक्क घामेजलेला होता! थंडीचे दिवस, सकाळची वेळ, आणि या माणसाला घाम?

तिकडे गुरांचा भाव तोंडानं करत नाहीत. घेणारा आणि विकणारा एका दुपट्ट्याखाली हात घालतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. आजूबाजूच्यांना काडीचा पत्ता लागत नाही. हात दुपट्ट्याखाली आहेत तोवर सौदा जिवंत. कुणी हात बाहेर काढला की तुटला. रक्षाचे वडील जंगू उईके या कामात मुरलेले, पण आठवड्याभरापूर्वी त्यांचं मनगट मोडलं आणि ते प्लास्टरमध्ये गेलं. म्हणून आज गवळाऊ जातीच्या गाईच्या शेजारी लेक उभी होती. बाजार तिच्याकडे टकामका बघत होता, आणि तिला त्याची मुळीच फिकीर नव्हती.

समोरच्या तरुणानं बोटं दाबली. भाव चांगला होता. बापानं शिकवलं होतं तशी रक्षा चेहरा कोरा ठेवून गप्प राहिली. तर या गृहस्थानं तिचं उत्तर यायच्या आत आणखी एक बोट दाबलं! मग आणखी एक...

शेवटी तिलाच राहवेना. "भाऊ, थांबा ना जरा! आपल्याच बोलीवर आपणच काऊन चढून राह्यले?"

"गाय हातची गेली त?"

"कुठी जाते गाय? दाव्याले बांधून आहे."

तो ओशाळून हसला. हसताना त्याच्या एका गालाला खळी पडली. रक्षाला ती दिसली आणि तिनं ती न पाहिल्यासारखं केलं.

"अन् एक सांगू? ते भाऊ म्हणू नोका."

"काऊन?"

"असंच..."

रक्षानं त्याच्या पहिल्या बोलीवरच गाय दिली. पोरीनं हातचा नफा सोडला म्हणून जंगू गोंडीत बराच वेळ पुटपुटत राहिले.

गाय गाडीत चढवताना ओळख झाली. त्याचं नाव भूपेंद्र. सेलूला वडिलांचं, हिरालालजींचं, धान्याचं दुकान. आईला, सुमित्राबाईंना, गवळाऊचंच दूध लागतं म्हणून स्वारी आष्टीपर्यंत आली होती. संत्रं सोलता सोलता त्यानं आपलं खरं दुखणंही सांगून टाकलं. दुकानात तो शहाणा असायचा; पण मोबाइलवर शेअरचे सौदे करायला बसला की डोकं जाग्यावर राहत नसे. शेअर पडला की रागानं आणखी घ्यायचा, चढला की घाबरून विकायचा.

रक्षा खुदकन हसली. "मंग तुमी माह्यंच गिऱ्हाईक आहे."

ती नागपूरला खेळाडूंना मन स्थिर ठेवायला शिकवायची. हळूहळू शेअर बाजारातले लोकही तिच्याकडे येऊ लागले. आता गावी राहून व्हिडिओवर त्यांना शिकवायची.

"म्हणजे मनाच्या डॉक्टर?"

"डॉक्टर नाई. पयलवानाले वस्ताद असते ना, तसं."

"मंग मले चेला करा," तो म्हणाला आणि अर्धं संत्रं तिच्यापुढे धरलं.

तिनं संत्रं घेतलं, पण अट घातली. फी घेते तोवर ती कोच. बोलणं फक्त सौद्याचं.

दर मंगळवारी, शेअर बाजार बंद झाल्यावर, शिकवणी सुरू झाली. ती गोठ्याच्या छतावर, कारण नेटवर्क तिथंच यायचं. तो दुकानात, तुरीच्या पोत्यांना टेकून.

"मॅडम, जेवल्या?"

"हा प्रश्न सौद्याचा आहे का?"

"उपाशी कोच काय शिकवन? सौद्याचाच झाला ना..."

ती ओठ दाबून हसू आवरायची. मग कामाला लागायची. तिनं त्याला तोडगा दिला तो गुरांच्या बाजारातलाच. सौदा टाकायच्या आधी मोबाइलवर दुपट्टा टाकायचा, दुपट्ट्याखाली आपलाच हात आपण धरायचा आणि हा सौदा मी काऊन करतोय, हे मोठ्यानं सांगायचं. सांगता आलं नाही, तर हात काढून घ्यायचा.

हिरालालजींनी एकदा पोराला स्वतःशीच सौदा करताना पाहिलं आणि सुमित्राबाईंना हाक मारली, "अवं, इकडं ये! तुह्यं पोरगं काय करून राह्यलं पाय!"

पण हात खरंच स्थिरावला. आवाजातली धांदलही गेली. अडचण वेगळीच होती, आणि रक्षाच्या ती पहिल्या काही आठवड्यांतच लक्षात आली होती. भूपेंद्रला शेअरमधलं काहीही कळत नव्हतं. त्याचा मित्र धीरज फोन करून सांगायचा, आणि हा घ्यायचा. आधी घाईनं पैसे घालवायचा, आता सावकाश घालवत होता.

हे त्याला सांगणं तिचं काम होतं. सांगितलं की शिकवणी संपणार होती, आणि मंगळवारही. दर वेळी ती मनाशी ठरवून छतावर चढायची. मग तो विचारायचा, "गाय आज तुमची आठवण काढत होती, सांगू का तिले काही?" की झालं! ठरवलेलं सगळं ओठांवर येऊन परत जायचं. भूपेंद्र तिला आवडला होता. फार आवडला होता. आणि जो आवडला होता त्याच्याकडूनच ती फी घेत होती, हे तिला बोचत होतं.

"धीरजचा फोन आला?" ती विचारायची.

"आला."

"मंग?"

"दुपट्टा टाकला. हात थांबला."

"शाब्बास," ती म्हणायची, आणि फोन ठेवल्यावर स्वतःलाच रागवायची.

रस्त्याकडेचे पळस फुलायला लागले तेव्हा एका मंगळवारी ती सरळ एसटीत बसली आणि सेलूला उतरली. असलं काम व्हिडिओवर करायचं नसतं.

दुकानात हिरालालजी गादीवर बसले होते. भूपेंद्र तिला बघून असा उठला की तुरीचं सूप पालथं झालं.

"या, मास्तरीणबाई," हिरालालजी म्हणाले. "एक सांगा मले. मन शांत कराले पैसे मोजून फायदा होते का कोनाले?"

रक्षा पाणी प्यायली.

"होते, काका. ज्याची पद्धत बरी आहे पन हात थरथरते, त्याले होते. पन पद्धतच नसन त... मी फक्त शांतपणे बुडाले शिकवते." मग ती भूपेंद्रकडे वळली. "तुमी हे सौदे सोडून द्या. अन् माही शिकवणीही. मले हे कवाचंच सांगाले पाह्यजे होतं."

हिरालालजींनी तिच्याकडे निरखून पाहिलं, मग पोराकडे. "खरं बोलली पोरगी," ते म्हणाले आणि बाहेर गाडी आल्याचं निमित्त काढून उठले. गाडीबिडी काही आली नव्हती.

भूपेंद्र सांडलेली तूर गोळा करत राहिला. "सौदे त मी संक्रांतीपासूनच बंद केले."

"काय? अन् दर मंगळवारी मले सांगत होते, हात थांबला म्हणून?"

"थांबलाच होता ना. खोटं काय सांगतलं?" त्यानं वर पाहिलं. "दुपट्ट्याखाली हात धरून विचारलं, काऊन करून राह्यलो? उत्तरच नाई आलं. मंग सोडलं."

"मंग फी काऊन देत राह्यले?"

त्याच्या गालाला पुन्हा ती खळी पडली. "आपल्याच बोलीवर आपणच चढून राह्यलो होतो."

रक्षाला हसूही आलं आणि डोळेही भरले. दोन्ही एकदम आल्यानं तिची पंचाईत झाली.

"मले माहीत होतं, तरी मी गप्प राह्यली," ती म्हणाली.

"काऊन?"

"मंगळवार आवडाले लागला होता... अन् मंगळवारवाला."

खुंटीवरचा दुपट्टा काढून त्यानं दोघांच्या मध्ये धरला आणि त्याच्याखाली आपला हात पुढे केला.

"आता तुमी कोच नाई."

"नाई."

"मंग मी गिऱ्हाईकही नाई."

रक्षानं हात दुपट्ट्याखाली घातला. त्याचा हात कोरडा होता, उबदार होता, आणि अगदी स्थिर होता. एकही बोट दाबलं जात नव्हतं.

"आकडा त सांग," ती हळूच म्हणाली. 'तुमी'चं 'तू' कधी झालं, ते तिच्याही ध्यानात आलं नाही.

"नाई. तूच शिकवलं ना, समोरच्याचं उत्तर येऊ द्याचं." तो तिच्याकडे बघत होता. "या वेळी मी थांबतो."

आणि तो खरोखर थांबला. घाम आता रक्षाच्या हाताला सुटला होता. तिनं डोळे मिटले आणि पाचही बोटांनी त्याचा हात घट्ट धरला.

बाहेरून हिरालालजींचा आवाज आला, "काय रे भूपेंद्र, सौदा झाला का तुटला?"

उत्तर रक्षानंच दिलं, हात न काढता.

"चालू आहे, बाबा!"