फूकोच्या रिंगणातलं संत्रं

"ताई, पाच वाजता आमचे विश्वस्त पोलीस ठाण्यात जाणार आहेत. माझं नाव लिहून देणार आहेत."

दारातल्या मुलीनं चपला काढल्या, पुन्हा घातल्या आणि पुन्हा काढल्या. रडून झालं होतं. आता नुसता राग उरला होता.

"आत ये वं पोरी," वामनराव म्हणाले.

वामनराव हे देवकी हिवसेचे सख्खे मामा. बँकेतून निवृत्त झाल्यापासून भाचीच्या कचेरीत बसून संत्री सोलायची, हा त्यांचा उद्योग. यालाच ते मदतनिशी म्हणत. देवकी पूर्वी विमा कंपनीसाठी जळालेली गोदामं तपासायची. आता ती लोकांच्या भानगडी तपासते, आणि तिच्या मते दोन्हीकडे धूर सारखाच असतो.

मुलीचं नाव उन्नती शंभरकर. नागपुरात इतवारीमागच्या जुन्या कापूस-जिनिंगच्या गोदामात 'विज्ञानघर' आहे. तिथं ती मुलांना प्रयोग दाखवायची. पुढच्या सोमवारी ती एका शाळेत विज्ञानाची शिक्षिका म्हणून रुजू होणार होती.

"आज सकाळी आमच्याकडे फूकोचा दिवस होता," ती म्हणाली.

"कोण फूको?" वामनरावांनी फोड तोंडात टाकली.

"पॅरिसचा शास्त्रज्ञ. तीन फेब्रुवारी अठराशे एक्कावन्नले त्यानं लोलक टांगून दाखवला, का पृथ्वी फिरून राहिली. आमच्या नत्थूजी गुरुजींची पद्धत होती. शास्त्रज्ञाच्या जयंतीले दिवा, पुण्यतिथीले फूल, अन् शोधाच्या दिवशी तोच प्रयोग पुन्हा करायचा. गुरुजी गेले, पण पद्धत आहे."

गोदामाच्या उंच छताला तारेनं लोखंडी गोळा टांगलेला होता. खाली लाकडी खुंट्यांचं गोल रिंगण. गोळा झोके घेतो आणि हळूहळू त्याच्या झोक्याची दिशा सरकते. खरं तर खालची जमीनच फिरत असते. दिशा सरकली की रिंगणातली पुढची खुंटी पडते. गोळा थकू नये म्हणून गुरुजींनी वर विजेचं वेटोळं बसवलं होतं.

"सकाळी आठले सगळ्यांसमोर मी गोळा सोडला. हातानं नाही सोडत. दोऱ्यानं बांधून ठेवतो अन् दोरा जाळतो. हात लागला का गोळा वाकडा चालते. मग सगळे अंगणात पोहे खायले गेले. नऊले मी आत न पाहताच दाराले कुलूप घातलं, म्हणजे आत वारा नको. बारा वाजत आले तेव्हा शाळेची पोरं घेऊन दार उघडलं, तं गोळा थांबलेला. अन् कपाटातला आरसा गायब."

"कसला आरसा?"

"दुर्बिणीचा. गुरुजींनी हातानं घासलेला. सात वर्षं लागली होती त्याले."

"अन् किल्ली?"

"एकच आहे. माझ्याजवळ होती." उन्नतीचा आवाज घसरला. "पुण्याहून भाषणाले आलेल्या सौरव सरांनी पडलेल्या खुंट्या पाहून हिशेब केला, का गोळा अकरापर्यंत चालू होता. म्हणजे चोरी कुलूप लागल्यावर झाली. माइकवर बोलले ते. सगळ्या पोरांनी ऐकलं. ताई, ज्या शाळेत मी सोमवारी जाणार, तिथलीच पोरं होती ती!"

देवकी उठली. "तू पडलेल्या खुंट्या पाहिल्या?"

"मले आत जाऊच नाही दिलं. दारातून थांबलेला गोळा तेवढा दिसला."

"मामा, स्कूटर काढा."

वामनरावांनी उरलेली संत्री पिशवीत भरली. तपासाला रिकाम्या पोटी जायचं नाही, हा त्यांचा एकमेव नियम होता.

*

विज्ञानघराच्या भिंतीवर शास्त्रज्ञांच्या तसबिरी होत्या आणि प्रत्येकाखाली जन्माची नि मृत्यूची तारीख. शेवटी नत्थूजी गुरुजींचा फोटो, टोपी घातलेला. रामनच्या शेजारी तेही अगदी घरच्यासारखे बसले होते.

विश्वस्त भैय्याजी उमाठे खुर्ची टाकून दारातच बसले होते. सरकीचे व्यापारी. गोदाम त्यांच्याच वडिलांनी गुरुजींना वापरायला दिलेलं.

"पाहा बाई, पोरगी चांगली आहे," ते म्हणाले. "पण किल्ली कोणाजवळ होती? मी काय करू?"

"तुम्हाला हा हिशेब पटला?"

"मले काय समजते त्यातलं? गोळा उजवीकडे जाते का डावीकडे, तेही नाही माहीत. सौरव सर मोठे माणूस. त्यांनी सांगितलं, मी ऐकलं."

"गोळा सोडल्यावर तुम्ही कुठे होता?"

"अंगणात. पोहे खाऊन राहिलो होतो. दोन प्लेटा झाल्या."

वामनरावांनी आदरानं मान डोलावली.

देवकीनं कपाट पाहिलं. काचेचं दार, कुलूप नाही. वरच्या खणात गुरुजींचं चांदीचं पदक आणि जुना जर्मन कॅमेरा जसेच्या तसे. खालचा खण रिकामा, आणि खणाच्या कडेला पितळी पट्टी: 'नत्थूजी गुरुजींनी स्वहस्ते घासलेला आरसा.'

"चांदी सोडली अन् काच नेली," ती पुटपुटली. "मामा, काय वाटते?"

"चोराले सोनाराची ओळख नसंल."

कपाटाकडे जायला रिंगणाच्या कडेनं अरुंद वाट होती. जरा तोल गेला की माणूस गोळ्याच्या वाटेत. देवकी रिंगणाशी उकिडवी बसली. समोरासमोरच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ओळीनं आडव्या झाल्या होत्या, चांगल्या लांबलचक ओळीनं. ती बराच वेळ पाहत राहिली.

"वरचं वेटोळं कोण पाहते?"

वायरचं भेंडोळं गळ्यात अडकवलेला तरुण, विक्की, पुढे आला. हिंगण्याच्या कारखान्यात तो विजेचं काम करी आणि इथलं वेटोळं हौसेनं सांभाळी.

"मी तं पोहे वाढून राहिलो होतो मॅडम. पोह्यावरची तर्री माझ्याच हातची. सगळ्यांनी खाल्ले. सौरव सरांची प्लेट तेवढी थंडी झाली. फोनवर बोलत इकडं आले, मग थेट गाडीतच बसले. नऊच्या आधीच गेले ते, अन् बाराले भाषणासाठी परत आले."

"दरवर्षी या खुंट्या उभ्या कोण करते?"

"मीच. मूठभर तं पडतात. पाच मिनिटांचं काम. आज मात्र भैय्याजी हात लावू देऊन नाही राहिले."

देवकीनं उन्नतीकडे पाहिलं. ती उंबऱ्याबाहेरच उभी होती.

"गुरुजी म्हणायचे," उन्नती हळूच म्हणाली, "आपला लोलक सुस्त आहे. दुपारच्या उन्हातल्या बैलासारखा."

*

प्राध्यापक सौरव देशकर फूकोच्या तसबिरीखाली उभे होते. नागपुरात गुरुजींच्याच हाताखाली वाढलेले, पण शिकायला पुण्याला गेले ते तिकडचेच झाले. विज्ञानाच्या इतिहासावर त्यांची व्याख्यानं गाजत. लेंगा, जाकीट आणि फार थकलेले डोळे.

"जन्म अठरा सप्टेंबर अठराशे एकोणीस. मृत्यू अकरा फेब्रुवारी अठराशे अडुसष्ट," ते तसबिरीकडे बघत म्हणाले. "जेमतेम अठ्ठेचाळीस वर्षांचं आयुष्य. पण एका गोळ्यानं सगळ्या जगाला पृथ्वी फिरताना दाखवली."

"तुम्हाला सगळ्या तारखा पाठ आहेत?"

"तोच माझा विषय आहे."

"आणि खुंट्यांचा हिशेब?"

"तो साधा आहे. लोलक साधारण बत्तीस तासांत फेरी पुरी करतो, म्हणजे तासाला अकरा अंश. पडलेल्या खुंट्या तीन तासांच्या निघाल्या. आठला सुरू झाला, अकराला थांबवला. मला त्या मुलीबद्दल वाईट वाटतं. पण निसर्ग खोटं बोलत नाही."

"तुम्ही आधी इथला लोलक पाहिला होता?"

"नाही. मी गेल्यानंतर बसवला तो. माझ्या वेळी इथं फक्त दुर्बिणीचं काम चाले."

"आरसा घासणं अवघड असतं म्हणतात."

सौरव सरांचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. "अवघड? घासायची पूड नखांत शिरते ती महिनाभर निघत नाही. थंडीत बोटं फुटतात. आणि शेवटी हात इतका हलका ठेवावा लागतो, की श्वाससुद्धा..." ते थांबले. "असं गुरुजी सांगायचे."

देवकीनं मान हलवली आणि मामांच्या हातातलं संत्रं काढून घेतलं.

"अवं, तेच गोड होतं!"

तिनं ओळीतल्या शेवटच्या पडलेल्या खुंटीच्या बाहेर ते संत्रं ठेवलं. मग उभ्या राहिलेल्या सगळ्यांना म्हणाली, "भैय्याजी, पाचपर्यंत वेळ दिला ना तुम्ही? आता दोन वाजलेत. विक्की, खुंट्या उभ्या कर. उन्नती, आत ये. दोरा आण."

"पण पुरावा..." सौरव सर म्हणाले.

"निसर्ग खोटं बोलत नाही, सर. त्यालाच पुन्हा विचारू."

उन्नतीनं गोळा सकाळच्याच जागेवरून ओढून दोऱ्यानं बांधला. काडी ओढली. दोरा जळला आणि गोळा आवाज न करता निघाला. टक्. पहिली खुंटी पडली.

दारं लावून सगळे अंगणात बसले, कोणालाही नजरेआड होऊ न देता. वामनरावांना दुसऱ्या घाण्याचे पोहे मिळाले आणि तपास योग्य दिशेनं चालल्याची त्यांची खात्री पटली. उन्नतीनं प्लेटला हात लावला नाही. ती दाराकडे बघत होती, आणि देवकी सौरव सरांकडे.

*

पाचला देवकीनं दार उघडलं.

गोळा शांतपणे झोके घेत होता. खुंट्या पडल्या होत्या, पण संत्रं कुठल्या कुठं दूर होतं. पडलेली ओळ सकाळच्या निम्मीसुद्धा भरत नव्हती.

"आता किती वेळ झाला?" देवकीनं विचारलं.

"तीन तास," भैय्याजी म्हणाले. "म्हणजे सकाळी आठ ते अकरा होते तेवढेच. मंग गोळा तिथवर काहून नाही गेला?"

"कारण सकाळीही तो तिथवर गेलाच नव्हता. उन्नती, लोलक सुस्त का असतो, सांग."

"ध्रुवावर लोलक एका दिवसात फेरी करते. विषुववृत्तावर सरकतच नाही. आपण विषुववृत्ताच्या जास्त जवळ, म्हणून इथं हळू. पॅरिसच्या निम्माच वेग." बोलता बोलता तिचे डोळे मोठे झाले. "म्हणजे संत्र्यापर्यंत यायले सहा तासांच्या वर लागतील! आणि आपण तं बाराच्या आधीच दार उघडलं!"

"बरोबर. सकाळी पृथ्वी तेवढी फिरलीच नव्हती, भैय्याजी. त्या खुंट्या गोळ्यानं पाडल्या नाहीत. माणसाच्या बोटांनी पाडल्या, गोळा जास्त वेळ चालला असं वाटावं म्हणून. आणि ते कोणाला हवं होतं? जो लवकर निघून गेला त्याला."

"थांब, थांब," वामनराव म्हणाले. "हे तं विक्कीही करू शकते."

"विक्की दरवर्षी त्या उभ्या करतो. मूठभर पडतात, हे त्याला ठाऊक. उन्नतीला तर वेगच ठाऊक. या दोघांनी खोटं केलं असतं तर ते जमलं असतं. भैय्याजींना बाजूच माहीत नाही. पण इथं खुंट्या योग्य बाजूनं, दोन्ही टोकांना, मोजून पाडल्यात. पाडणाऱ्याला लोलक माहीत होता, नागपूरचा लोलक माहीत नव्हता. तासाला अकरा अंश." ती वळली. "हा पॅरिसचा आकडा आहे, सर. सगळ्या पुस्तकांत तोच असतो."

सौरव सरांनी फूकोच्या तसबिरीकडे पाहिलं.

"पोहे तसेच ठेवून तुम्ही आत गेलात. तेव्हा कुलूप नव्हतं. आरसा घेऊन निघताना त्या अरुंद वाटेवर गोळ्याला धक्का लागला, तो वाकडा चालू लागला. पुन्हा सोडायचा तर दोरा जाळावा लागणार. म्हणून थांबवलात आणि आपण गेल्यानंतरची वेळ खुंट्यांवर मांडलीत. उन्नती नऊला कुलूप घालते, हे तुम्हाला माहीत नव्हतं. पण चांदीला हात न लावता फक्त आरसा कोण नेईल? ज्याच्या नखांत ती पूड शिरली होती तो. हे गुरुजींनी सांगितलेलं नाही, सर. तुमची बोटं फुटली होती."

सौरव सरांनी हात जाकिटाच्या खिशांत घातले.

"चार वर्षं," सौरव सर म्हणाले. "सातांतली चार वर्षं मी घासला तो. शाळा सुटली की थेट इथं. आणि पट्टीवर काय लिहिलंय? स्वहस्ते! मी जगातल्या प्रत्येकाची जन्मतारीख सांगत फिरतो, आणि मी केलेल्या एकुलत्या एका गोष्टीवर माझं नाव नाही." त्यांनी जाकिटातून गाडीची किल्ली काढून भैय्याजींपुढे धरली. "डिकीत आहे. माझ्या शालीत गुंडाळलाय. दोष तिच्यावर जाईल असं खरंच वाटलं नव्हतं."

"गेला तेव्हा तुम्ही माइकसमोर उभे होता," देवकी म्हणाली.

विक्की किल्ली घेऊन पळाला आणि ताटाएवढा आरसा छातीशी धरून परतला. भैय्याजींनी उन्नतीपुढे चक्क हात जोडले. "चुकलो पोरी. आता तूच सांग. ठाण्यात जाऊ?"

उन्नतीनं आरसा हातात घेतला. काचेला बोट न लावता, कडेनं. ती सौरव सरांसमोर जाऊन उभी राहिली.

"मागितलं असतं ना सर, तं ती पट्टी मीच बदलायले लावली असती," ती म्हणाली. "ठाण्यात नाही जायचं. उद्या तीच पोरं बोलवा, भैय्याजी. तोच माइक लावा. सर नागपूरच्या लोलकावर बोलतील, अन् खुंट्या कोणी पाडल्या तेही सांगतील."

"सगळ्यांसमोर?" सौरव सरांनी विचारलं.

"माझं नाव सगळ्यांसमोरच घेतलं होतं तुम्ही."

त्यांनी मान डोलावली. मग तिथंच, रिंगणाच्या बाहेर, जमिनीवर बसले. जावं असं त्यांना वाटेना आणि कोणी घालवलंही नाही.

बाहेर अंधारू लागलं. देवकी निघाली, पण वामनराव हलेनात.

"माझं संत्रं आत आहे," ते म्हणाले. "गोळा तिथवर खरंच येते का, ते पाहूनच जातो."

मग सगळेच थांबले. आठ वाजून गेल्यावर संत्र्यापुढची खुंटी टक् करून पडली. उन्नती दुपारपासून पहिल्यांदा हसली. सौरव सरांनी उठून संत्रं उचललं, नीट सोललं आणि पहिली फोड तिच्यापुढे धरली.

तिनं क्षणभर त्यांच्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाली, "उद्या. तुम्ही बोलल्यावर."