पाळणा, पेटी आणि उजवा हात

एका बाईचा एक डोळा उघडायचा, एवढ्यासाठी तिघे जण तो डोंगर चढत होते!

परक्या देशातल्या त्या खोऱ्यात, खाली शाळेच्या वर्गांमध्ये, त्यांचं डोळ्यांचं आणि दातांचं मोफत शिबिर चाललं होतं. लोक पायी येत, खेचरावरून येत, कुणी मुलाच्या पाठीवर बसून येत. येत नव्हती ती फक्त वरच्या गावची शिंपीण. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, मशीन कधीची झाकून ठेवलेली. पण मधल्या नदीवर पूल नव्हता. होता तो तारेवरून सरकणारा लोखंडी पाळणा, आणि त्यातूनच तिचा नवरा पाण्यात पडून गेला होता. तेव्हापासून ती पाळण्यात बसली नव्हती.

"ती येत नाही ना? मग आपण जाऊ," डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. शिबिरातल्या शहाण्या माणसांनी कपाळाला हात लावला. बाईंनी एकदा मनावर घेतलं की त्या कुणाच्या बापाचं ऐकत नसत.

सोबत होता दातांचा डॉक्टर, ज्याला सगळे 'पक्कड' म्हणत, आणि शिंपिणीचा भाचा. वाटाड्याही तोच, दुभाषाही तोच. भिंगांची आणि नाजूक अवजारांची पेटी बाईंनी स्वतःच्या खांद्यावर घेतली होती.

"द्या इकडे, बाई," धापा टाकत पक्कड म्हणाला.

"तुझ्या हातात? उपटून ठेवशील काहीतरी!"

हसत, ठेचकाळत ते नदीवर पोचले. दोन्ही काठांवर काळे, गुळगुळीत खडक होते आणि मधून पाणी असं घोंघावत चाललं होतं की शेजारच्याचं बोलणंही कानावर पडत नव्हतं. पाळण्यात तिघे दाटीवाटीनं बसले. भाच्यानं दोर ओढायला घेतला.

मध्यावर कप्पी अडकली. भाच्यानं जोर लावला. ती खाडकन सुटली! पाळणा तिरपा झाला. पेटी घसरली. बाईंनी झडप घातली, उजव्या हातानं!

"सोडा पेटी!" पक्कड ओरडला.

बाईंनी सोडली नाही. पेटीचा सगळा भार मनगटावर आला, आणि मनगट पाळण्याच्या कडेवर आपटलं. त्यांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण पेटी वाचली! पैलतीरावर उतरताना त्या विजयी मुद्रेनं हसतसुद्धा होत्या. वर पोचेपर्यंत मनगट टम्म सुजलं होतं.

शिंपिणीनं कापड बेतायचं लांबलचक टेबल घासूनपुसून ठेवलं होतं. ऑपरेशनसाठी तिनं त्यावर धुतलेली चादरही अंथरली होती, कडा चाचपून अगदी सरळ. ते पाहून बाईंना भरून आलं. त्या खिडकीशी गेल्या, पेटी उघडली, बारीक चिमटा उचलला. टोक थरथरत होतं. मनगटाला पट्टी आवळली, पुन्हा उचलला. तरी थरथरत होतं.

थोडाच तर वेळ लागणार, करून टाकावं, असं त्यांच्या मनात आलं. हजारदा केलेलं काम. पण हात एवढासा जरी घसरला तरी या बाईचा डोळा कायमचा जाईल. एक पेटी वाचवायला आपण हात घालवला! त्यांना स्वतःची लाज वाटली.

"तिला सांग, मला जमणार नाही. आणि का, तेही सांग," त्या भाच्याला म्हणाल्या.

भाच्यानं चाचरत सांगितलं. शिंपिणीनं हात पुढे केला. मग म्हणाली, "द्या बघू हात." सुजलेलं मनगट तिनं हलकेच चाचपलं. "या हातानं मी तुम्हाला साधं बटणसुद्धा लावू दिलं नसतं!"

बाई हसल्या, आणि हसता हसता रडल्या.

"खाली दुसरं कुणी आहे हे काम करणारं?"

"आहे. चांगला आहे."

"आणि पाळणा?"

"तोच आहे," बाई म्हणाल्या. "खरं सांगू? आता मलाही त्याची भीती वाटते."

शिंपीण टेबलाची कड धरून उभी राहिली. "मग चला. दोघी मिळून भिऊ."

"आत्या, नक्की?" भाच्यानं विचारलं.

"पुन्हा विचारलंस तर नाही म्हणेन."

परतताना पाळण्यात तिनं बाईंचा डावा हात घट्ट धरला. पाण्याचा आवाज वाढला. तिची नखं रुतली. कप्पी करकरली! दोघींनी एकदमच श्वास रोखला. कुणी ओरडलं नाही. मग पाळणा खडकाला टेकला, आणि शिंपीण खाली उतरून ओल्या दगडावरच बसली. तिथे तिनं नवऱ्याचं नाव घेतलं, फक्त एकदा. सगळे थांबून राहिले.

ऑपरेशन दुसऱ्या डॉक्टरनं केलं. बाई नुसत्या तिच्या उशाशी बसल्या. पट्टी निघाली तेव्हा शिंपिणीनं डोळ्याची उघडझाप केली, भाच्याकडे पाहिलं, "जाड झालास!" म्हणाली, आणि मग बाईंकडे वळली.

"दाखवा तो हात."

निळाजांभळा झालेला हात तिनं उलटसुलट करून नीट पाहिला.

"पुढच्या वर्षी तुम्ही चढू नका, मीच उतरून येईन," ती म्हणाली. "पेटी पडली तर पडू द्या. हात तेवढा जपा. दुसरा डोळा मी तुमच्याकडूनच करून घेणार आहे."