मिठागरात काटा मायनसला गेला

ही घटना घडलेली आहे. करमणूक म्हणून वाचणार असाल तर इथेच थांबा. जिच्याबद्दल सांगायचंय तिच्यावर गावानं आधीच भरपूर करमणूक करून घेतली आहे.

गेल्या वर्षीचा एप्रिल. पेण तालुक्यातलं खाडीकाठचं एक मिठागर. गावाचं नाव सांगणार नाही.

वेळ टळटळीत दुपारची. तेव्हा अंधारात भास झाला असेल वगैरे कुणी बोलू नये.

समीक्षा माझी मावसबहीण. रोह्याला एका फोटो स्टुडिओत नुकतीच कामाला लागली होती. स्टुडिओवाला अक्षय तिला कॅमेरा शिकवत होता. पोरगी चुणचुणीत, पण फोटो काळवंडायचे. नवरदेवाचा पांढराशुभ्र सदरा हिच्या फोटोत चार दिवस न धुतल्यासारखा दिसायचा.

अक्षयनं एकदा तिला समोर बसवून सांगितलं.

"कॅमेऱ्यातल्या मीटरला काळं-पांढरं कळत नाय. त्याला सगळंच राखाडी करायचं असतं. मधी हा बारका गोल दिसतो ना? त्यात जे हाय, तेवढ्याचाच उजेड तो मोजतो. गोल पांढऱ्यावर ठेव आणि सेटिंग फिरवून खालचा काटा दोन घरं प्लसला आण. मग पांढरं पांढरं येईल. तीच सेटिंग ठेवून काळ्यावर गेलीस, की काटा मायनसला पडेल."

"सराव कुठं करू?"

"तुमच्याकडं मिठागर हाय ना? त्याच्याएवढं पांढरं दुसरं काय मिळणार?"

अक्षयला बिचाऱ्याला काय माहीत!

ती शाळेत असताना तिची आई चंद्रावती त्याच मिठागरावर डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहायची. एका दुपारी सगळं गाव एका हळदीला गेलं होतं. चंद्रावती मात्र लेकीला "मिठागरावर जाऊन येते" म्हणाली आणि निघाली.

त्याच दुपारी उधाण आलं. बांध फुटला.

चंद्रावती घरी आली नाही. अंगावरचं लुगडंसुद्धा सापडलं नाही.

मुकादम पुंडलिक चारचौघांत म्हणाला, "ती कामाला आयलीच नव्हती."

झालं! गावाला तेवढंच हवं होतं. ट्रकवाल्याबरोबर पळाली म्हणे. ज्या बाया तिच्या शेजारी बसून भाकरी खायच्या, त्यांनीच हे पसरवलं. समीक्षा सांगत होती, आई मिठागरावर गेली. पण पोरीचं ऐकतो कोण? तिचा बाप शेवटपर्यंत खाली मान घालून जगला आणि तसाच गेला.

समीक्षाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. कुणीतरी तोंडानं म्हणावं, की चंद्रावती त्या दिवशी कामावर होती.

तर एप्रिलमधल्या त्या दुपारी ती दात-ओठ खात मिठागरावर गेली.

गोल मिठावर ठेवला. काटा दोन घरं प्लसला आणला. फोटो काढला. मीठ पांढरंफेक आलं. पहिल्यांदाच जमलं होतं. तिनं सेटिंग तशीच ठेवून गोल जरा उजवीकडे सरकवला...

काटा मायनसला पडला.

समोर मीठच होतं. त्याच उन्हात, तेवढंच पांढरं.

गोल डावीकडे घेतला. प्लस. उजवीकडे आणला. मायनस.

बिघडला वाटतं, म्हणून तिनं सेल काढून पुन्हा घातला. पुन्हा तेच.

मग तिनं गोल हळूहळू वर नेला. मायनस... मायनस... अजून मायनस. कडेला सरकवला की प्लस. जिथे मायनस होतं ती जागा माणसाएवढी उंच होती. माणसाएवढी रुंद.

आणि सगळ्यात वर, डोक्याच्याही वर, ती पुन्हा रुंद झाली...

पाटीएवढी.

समीक्षानं कॅमेरा खाली केला. मीठ, बांध, ऊन. कुणी नाही.

बांधावर बगळे बसले होते. ते कधी उडाले कळलं नाही. वारा पडला होता.

आणि मग...

करकर. करकर.

मिठावरून अनवाणी चालल्यावर येतो तो आवाज.

दुसरं कुणी असतं तर पळालं असतं. समीक्षाच्या डोक्यात तिडीक गेली. एवढी वर्षं आई इथे उभी होती, आणि गाव दात काढत होतं!

"ए! कोणाला विचारून फोटू काढतंस गो?"

बांधावरून पुंडलिक येत होता. पांढरा लेंगा, पांढरा सदरा.

"काका, तिथंच उभे राहा. तुमचा काढते."

फोटो म्हटल्यावर गडी लगेच खुलला. सदरा नीट करून उभा राहिला. समीक्षानं गोल त्याच्या छातीवर ठेवला. प्लस.

"काका, माझी आय त्या दिशी कामावर होती ना?"

त्याचं तोंड उतरलं. "नाय आयली ती. किती वेला सांगू?"

करकर...

"परत सांगा."

"नाय आयली! झाला तुझा?"

काटा मायनसला पडला. पांढऱ्या सदऱ्यावर.

पुंडलिकलाही आवाज आला असावा. त्यानं समोर पाहिलं, मग वर पाहिलं. डोक्यावर ओझं घेतलेल्या बाईकडे पाहावं, तेवढंच वर. तो ओरडला.

"चंद्रे... टाक ती पाटी! तवा बोललो, टाकू नको, मीठ भिजंल... आता बोलतंय ना, टाक गो!"

आणि तो चिखलात पडत-झडत गावाकडे धावला.

संध्याकाळी समीक्षानं देवळासमोर सगळ्यांना हे सांगितलं. पुंडलिक म्हणाला, "ऊन लागला व्हता." गावानं मान डोलावली. कुणी विचारलं नाही, की उन्हात त्याला चंद्रावतीच का दिसली. माझा तर संताप संताप होतो.

दुसऱ्या दिवशी समीक्षा पुन्हा मिठागरावर गेली. दिवस मावळेपर्यंत गोल फिरवत राहिली. सगळीकडे प्लस.

आई तिथे नव्हती.

मे महिन्यात गडब गावी एका साखरपुड्याच्या फोटोंचं काम होतं. भरदुपारचा मांडव. पहिल्या रांगेत पुंडलिक, नवा पांढरा सदरा घालून. त्याची मान खांद्यात गेली होती. शेजारच्याला सांगत होता, औषध चालू हाय, पण डोक्यावर सारखं वजन ठेवल्यासारखं वाटतं.

समीक्षानं गोल त्याच्या सदऱ्यावर नेला...

मायनस.

हे मला सांगताना ती भीतीनं नाही, रागानं रडली. "मी एवढी वर्सं दाराकडं बघत बसली. आणि आय गेली ती त्याच्याकडं. मेल्यावर पण त्याचंच मीठ वाहते."

मांडवात सनई वाजत होती. तिनं कॅमेरा डोळ्याला लावला आणि अगदी हळू म्हणाली, "आय, घरी चल."

काटा हलला नाही.

पुंडलिक मात्र दचकून उठला आणि म्हणाला, "माझ्या कानात कोण 'नाय' बोलला?"