दहा बावन्नचा फोटो

रविवारी सकाळी दहा ते अकरा आमच्या घरात कुणी कुणाशी बोलत नसे. भांडण नाही, स्पर्धा. मास्तर, म्हणजे चित्रकलेचे एक निवृत्त शिक्षक, दहाच्या ठोक्याला ग्रुपवर विषय टाकायचे. तासाभरात फोटो काढून पाठवायचा. जुना फोटो चालत नसे, कारण तो कधी काढला ती वेळ फाइलमध्येच नोंदलेली असते आणि मास्तर ती डोळ्यांत तेल घालून तपासायचे. बक्षीस काय, तर एक शाबासकी!

मला यात ओढलं दादाने. तीस वर्षं त्याने पासपोर्टचे फोटो काढले. अजूनही समोर कुणी आलं की आधी "हनुवटी खाली" म्हणतो. जित्याची खोड. दोन महिन्यांपूर्वी त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून मी त्याचा श्वाससुद्धा मोजत होते. मी दातांच्या दवाखान्यात कामाला, स्वतःला मोठी धीट समजायचे. पण घरात आम्ही दोघंच. तो गेला तर मला कुणी नाही, या विचाराने माझी झोप उडाली होती.

त्या रविवारी विषय होता, 'घरातलं माणूस'. दादा गॅलरीत वेताच्या खुर्चीत कॉफी पीत बसला होता. ऊन छान होतं. मी दारातून फोटो टिपला आणि लगेच पाठवून दिला.

"दातवाल्या बाई, खुर्ची सुरेख आहे," मास्तरांनी लिहिलं. "पण माणूस कुठे?"

मी फोटो उघडला. गॅलरी, ऊन, खुर्ची. खुर्ची रिकामी.

मान वर केली. दादा तिथेच होता, कॉफी फुंकत.

"आणि वेळ दहा बावन्न दाखवतेय," मास्तरांचं पुढचं वाक्य आलं. "आत्ता तर दहा बावीस झालेत. तुमचं घड्याळ पुढे आहे का?"

फोनचं घड्याळ बरोबर होतं. भिंतीवरचंही. मी दुसरा फोटो काढला. पुन्हा रिकामी खुर्ची, पुन्हा दहा बावन्न. फोन बिघडला म्हणावं, तर समोर बसलेला माणूस फोटोतून गळतो कसा? माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. अर्ध्या तासाने ही खुर्ची रिकामी असणार, एवढंच कळत होतं. का, ते मनात आणवेना.

"दादा, ऊठ."

"का गं? आत्ता तर टेकलोय."

"छातीत काही होतंय का...?"

"काही नाही. तूच अशी पांढरी का पडलीस?"

"आत पलंगावर पड. माझ्यासाठी..."

तो कुरकुरत उठला. "माझा फोटो राहिलाय अजून. तुला मला हरवायचंय, म्हणून हे नाटक!"

मी त्याला आडवं केलं, नाडी पाहिली, पाणी दिलं. दुधाने तोंड पोळलेलं, मी ताकही फुंकून पिणारच. मग वाटलं, हा पुन्हा जाऊन तिथेच बसला तर? म्हणून मी स्वतःच त्या खुर्चीत जाऊन बसले. उघड्या दारातून पलंगावरचे त्याचे पाय दिसत होते.

खाली कुणीतरी सायकलमध्ये हवा भरत होतं. तो आवाज मध्येच थांबला. ऊन माझ्या मांडीवर होतं, पण मांडी तापत नव्हती.

दहा एकावन्न. पाय हलले. दादा उठला आणि फोन घेऊन दारात आला. चाल सरळ, चेहरा टवटवीत. मला आनंदाने रडूच फुटलं.

त्याने खुर्चीकडे पाहिलं. "माणसाला उठवलंस ना, आता खुर्चीच पाठवतो!" तो स्वयंपाकघराच्या दिशेने ओरडला.

"दादा, मी इथे आहे..."

त्याने फोन माझ्यावर रोखला आणि फोटो काढला.

माझ्या हातातला फोन थरथरला. ग्रुपवर त्याचा फोटो आला होता. तीच गॅलरी, तेच ऊन, तीच रिकामी खुर्ची. वेळ दहा बावन्न.

"छोटे, बघायला ये की!"

मी ओरडले. पुन्हा ओरडले. तो हसत स्वयंपाकघरात डोकावला, मग न्हाणीघरात. बाहेरच्या दाराची कडी आतून लागलेली होती. तिच्याकडे तो बराच वेळ बघत राहिला. हसू मावळलं. एक हात हळूहळू छातीवर गेला.

"छोटे... कुठे गेलीस गं?"

त्याला धरायला मी उठले. वेत करकरला. दादा गर्रकन वळला आणि खुर्चीकडे बघत भिंतीला टेकून हळूहळू खाली बसला.