टोकनची मुदत

अमरावतीहून अकोल्याला निघालेल्या बसमध्ये आचलच्या शेजारचा मुलगा लॅपटॉपवर एकच बटण पुन्हा पुन्हा दाबत होता. दर वेळी पडद्यावर लाल ओळी उमटत. आचल अकोल्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होती, प्रोग्राममधल्या चुका शोधायची; तिला राहवलं नाही.

“एकेक टेस्ट चालवली तर पास होते ना?”

त्यानं वळून पाहिलं. “हो… तुमाले कसं माहीत?”

“सगळ्या एकदम चालवल्या, का मधातूनच फेल. सर्व्हर उत्तर काय देऊन राहिला, ते आधी छापून पाहा.”

त्यानं टेस्ट चालवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ घातली. उत्तर आलं — टोकनची मुदत संपली. स्क्रिप्ट सुरुवातीला एकदाच लॉगिन करायची आणि तेव्हा मिळालेलं टोकन, आत शिरायचा तात्पुरता पास, मध्येच बाद व्हायचं.

“टेस्टच्या आधी टोकन तपासा. संपलं असलं तर नवं घ्या.”

मूर्तिजापूर येईपर्यंत सगळ्या ओळी हिरव्या झाल्या. त्याचं नाव नितेश, नोकरी अमरावतीच्या राजापेठेत. सर्व्हरच खराब आहे, असं ग्राहकाला सांगायला तो निघाला होता.

“वाचवलं तुमी मले,” तो म्हणाला. मग — “नंबर द्याल? अडलं तर विचारीन…”

त्याचं वरचेवर अडू लागलं. ‘तुमी’चं ‘तू’ कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

“दुसरी टेस्ट पहिलीनं तयार केलेल्या ऑर्डरवर चालते तुझी,” एकदा ती फोनवर म्हणाली. “प्रत्येकीनं आपली ऑर्डर आपण तयार करावी, अन् शेवटी पुसावी.”

“माणसाले नाई जमत तसं.”

“काहून?”

“माणसाले कोणीतरी लागते…”

आचलनं फोन ठेवला नाही.

पुढं त्याच्या स्क्रिप्टमधल्या एका बिघाडात तिची अख्खी दुपार गेली. स्वतःचं काम बाजूला राहिलं, साहेबांची बोलणी खाल्ली. शेवटी सापडलं — स्क्रिप्टमध्ये जुन्या सर्व्हरचा पत्ता होता.

“पत्ता कोणं बदलला?”

“मीच. तुझ्याशी बोलाचं होतं म्हणून.”

तिनं फोन कापला. नंतर उचललाच नाही.

शनिवारी ती ऑफिसातून उतरली, तर नितेश खाली उभा.

“चुकलं माझं,” तो म्हणाला. “आता सरळ सांगतो. मले तू आवडते.”

“मले पण,” आचल म्हणाली. “पण मी घरी लपवणार नाई. उद्या बाबांशी बोलते.”

रविवारी संध्याकाळी तिच्या गावाहून, शेंदूरजनाघाटहून, तिचा फोन आला.

“बाबा मले संत्र्याच्या बागेत घेऊन गेले. मग म्हणे, पोरगं खोटं बोलते का?”

“काय सांगितलं तू?”

“म्हटलं, एकदा बोलला. विचारल्यावर कबूल केलं, अन् माफी मागाले अकोल्याले आला.”

“मग?”

“मग काय… पुढच्या रविवारी आईले घेऊन ये. बाबांनी बोलावलं.”