अण्णाजींची रेषा

सिंदी मेघेच्या माझ्या खोलीत कॉम्प्युटर तीन आठवडे एकच काम करत होता: दहा इलेक्ट्रॉन गमावलेलं लोखंड कोणकोणत्या रंगाचा प्रकाश सोडतं, ते गणितानं काढायचं. सूर्याच्या प्रभामंडळात असं लोखंड असतं. आमचा नियम साधा. प्रत्येक रंग म्हणजे एक रेषा; ती दोन पद्धतींनी काढायची. आकडे जुळले नाहीत तर तक्त्यातून खोडायची. नियमाच्या बाबतीत मी जरा खडूसच आहे.

मी वाट बघत होते एका रेषेची. देवळीचे अण्णाजी मास्तर १९९५ च्या खग्रास ग्रहणाला प्रकाशाचे रंग वेगळे करणारं, घरी बनवलेलं यंत्र घेऊन राजस्थानात गेले होते. त्यांच्या फोटोत एक फिकी रेषा आली, ती कशाची हे कुणालाच सांगता आलं नाही. तिच्यावर त्यांनी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं. त्या रेषेपायीच मी नववीत असताना त्यांच्या घरी गेले आणि त्या घरचीच झाले. आता त्यांची नजर जात चालली होती.

"माये डोळे जाच्या आधी सांगजो, नंदिनी," ते म्हणायचे.

सोमवारी मी तीन रेषा खोडल्या. संध्याकाळी वेधशाळेनं मोजलेल्या सूर्यप्रकाशाचा आलेख उघडला, तर त्यातले त्याच तीन रेषांचे उंचवटे दिसेनात. फाइल कुणीतरी बदलली असेल म्हणून सोडून दिलं.

मंगळवारी सकाळी अण्णाजींची रेषा सापडली. अगदी त्याच जागी! पण दुसऱ्या पद्धतीचा आकडा काही केल्या जुळेना. कालचे उंचवटे आठवून हात थबकला. मग स्वतःचाच राग आला. एवढी शिकले ती कशाला? खोडली.

वाईट बातमी तोंडावर सांगायची म्हणून दुपारच्या बसनं देवळीला गेले. दार त्यांच्या बायकोनं, कुसुमबाईंनी उघडलं. एरवी हाताला धरून थेट स्वयंपाकघरात नेणाऱ्या बाई कडीला धरून उभ्या राहिल्या.

"काय पायजे जी?"

थट्टाच वाटली मला. हसत आत शिरले.

फोटो भिंतीवर होता. प्रश्नचिन्ह होतं. त्याच्याखाली काहीच नव्हतं.

"अण्णाजी, रेषा कुठे गेली?"

"कोनती रेघ?" ते चष्मा लावून जवळ आले. "अन् हे इथं कोनं गिचडलं?"

अंगठ्यानं त्यांनी ते पुसून टाकलं.

मी घाबरले. खोडलेली ओळ परत टाकायला लॅपटॉप उघडला.

आकडा आठवेना. सकाळी दहादा वाचलेला.

"बसा ना, बाई," अण्णाजी म्हणाले. "तुमी कोनाकडच्या?"

कुसुमबाईंनी पाणी आणलं. ट्रेमधून, पाहुण्यांच्या काचेच्या ग्लासात.