कोठीतला घट

मी कुंभार. त्या दिवशी घट पोचवायला गेलो होतो, एवढंच. शेजारच्या अंतिदोरसला तिसरं मूल झालं होतं, मुलगी. आधीची दोन्ही सातवा दिवस बघायच्या आधीच गेली. कोठीतला देव झ्यूस रुसलाय असं सगळ्यांचं म्हणणं पडलं, म्हणून त्याचा जुना घट काढून नवा बसवायचा होता.

हा घट घरच्या धन्यानेच भरायचा. परक्याने कोठीत पाऊलही टाकायचं नाही. पण त्याच सकाळी अंतिदोरसचा पंजा कोयत्याने फाटला. रक्ताच्या हाताने देवाला शिवता येत नाही.

“काका, तुम्हीच भरा,” तो म्हणाला.

“अरे, हे घरच्याचं काम.”

“तुम्ही काय परके?” त्याची बायको फिल्ते खाटेवरून हसली. “निम्मं जेवण आमच्याकडेच तर होतं तुमचं.”

मी आत गेलो. बाहेर भर दुपार, तरी कोठीत काळोख. तेलाचा, ओल्या मातीचा वास. घटाच्या दोन्ही कानांना पांढरी लोकर बांधली. पाणी ओतलं, तेल ओतलं, धान्य नि फळं सोडली. झाकण ठेवलं, तसा आतून आवाज आला... तहानेल्या माणसाने घोट गिळावा तसा. मी कुणाला बोललो नाही. ते चुकलं माझं.

सातव्या दिवशी बाप मुलीला घेऊन चुलीभोवती फिरू लागला. तसं फिरवल्याशिवाय मूल घराचं होत नाही. पहिल्या फेरीला जाळ खाली बसला. दुसरीला निखारे काळे पडले. मुलगी गार, ओठ निळे.

“काका...” फिल्ते कुजबुजली, “तुम्ही घ्या.”

मी घेतली. एक पाऊल टाकलं नि राखेतून जाळ उठला. मुलगी रडली.

बापाने हात लावला की पुन्हा गार. मी उंबरा ओलांडला तरी गार. घट मोडावा म्हणून लोकर सोडायला गेलो, तर तिचा श्वासच अडला. शेवटी मी तिथे राहिलो, नि अंतिदोरस माझ्या भांडी भाजायच्या आव्याजवळच्या झोपडीत. माझं चाक आता तोच फिरवतो. “पोर जगू दे,” एवढंच म्हणाला.

मुलगी चार वर्षांची झाली. बाप रोज संध्याकाळी येतो, पायरीवर बसून तिला लांबून बघतो. फिल्ते त्याला सातूची भाकर नेऊन द्यायची.

काल ती भाकर हातात घेऊन मध्येच थांबली. इतकी वर्षं मला काका म्हणणारी बाई, माझ्या अगदी जवळ आली नि हलक्या आवाजात म्हणाली,

“अहो... तो माणूस रोज आपल्या दारात येऊन बसतो. कोण आहे तो?”